दोनशे मीटरच्या आतली सावित्रीबाई

बियाण्याचे प्लॉट तपासायला येणारे साहेब बसवकल्याण तालुक्यानं बरेच पाहिले. काही जीपमधून न उतरताच पीक झकास आहे म्हणायचे. काहींना आधी कोंबडी लागायची, मग शेत दिसायचं. मारोतरावांची तऱ्हा या दोन्हींहून वेगळी, आणि शेतकऱ्यांना तीच जास्त जड जायची. कोंबडी नको, पाकीट नको, एवढ्यावर भागलं असतं तर लोकांनी त्यांना साधू म्हणून सोडून दिलं असतं. पण हा माणूस प्लॉटवर यायच्या आधी शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बसायचा. ज्याचा प्लॉट तो बांधावर ताटकळत उभा, आणि साहेब पलीकडच्या एखाद्या म्हातारीच्या ओट्यावर 'तुमाला कुणी इचारलं का?' म्हणत बसलेले. चिटगुप्प्यापासून कोहिनूरपर्यंत त्यांना 'शेजाऱ्यांचा साहेब' असं नाव पडलं होतं. नावात कौतुक फार नव्हतं.

ही खोड त्यांना पहिल्यापासून नव्हती. ती लागली राजेश्वर गावात, सत्याहत्तर सालच्या हिवाळ्यात. तोवरचा मारोती निराळा होता, आणि मला विचाराल तर जरा घाईचाही होता.

कोहिनूरच्या बाबूलालचा हा थोरला. बाबूलाल गावकीची कामं करायचा. सांगावे न्यायचे, मेलेली ढोरं ओढायची, पाटलाच्या दारात हाक येईपर्यंत उभं राहायचं. वस्तीनं बौद्ध धर्म घेतला तेव्हा मारोती पंधरा वर्षांचा होता. बाबूलालनं घरातले देव विहिरीत सोडले, गावकीची काठी पाटलाच्या पायरीवर ठेवली आणि पोराला सांगितलं, आता तू फक्त शिकायचं. पोरगा शिकला. उदगीरला मॅट्रिक, मग धारवाडला शेतकीची पदवी. तिथं पहिलं वर्ष अर्धं कळत, अर्धं न कळत गेलं. दुसऱ्या वर्षी तो कन्नडमध्ये भांडायला लागला, म्हणजे भाषा आली असं समजायचं.

नोकरी लागली आणि बहात्तरचा दुष्काळ आला. परदेशातून लाल जवारी आली, रेशनवर मिळायची. ती भाकर बाबूलालला पचली नाही. पोट बिघडलं ते बिघडलंच, आणि त्या आजारातच तो गेला. बापाच्या मातीवरून परत येताना मारोतीनं ठरवलं की आपल्या माणसांना परत कुणाची अशी भाकर खावी लागता कामा नये. एकरी दुप्पट पिकणारी संकरित जवारी, जिला गावात हायब्रेट म्हणतात, ती घरोघर पोचली पाहिजे. या एका गोष्टीवर त्याची श्रद्धा बसली. देव काढून टाकल्यावर घरात जागा रिकामीच होती, ती हायब्रेटनं घेतली, असं त्याची बायको इंदिराबाई त्याला चिडवायची.

हे बियाणं करायची रीत समजायला सोपी आहे. शेतात काही ओळी नराच्या पेरायच्या, काही मादीच्या. मादीच्या कणसाला स्वतःचा पराग नसतो. नराच्या ओळीतून वाऱ्यावर जो येईल तो ते घेतं आणि दाणा भरतो. तो दाणा म्हणजे बियाणं. अडचण एवढीच की मादीचं कणीस आलेल्या परागाला कुठून आलास म्हणून विचारत नाही. शेजारच्या रानात गावरान जवारी फुलोऱ्यात असली तर तिचाही घेतं, आणि पिशवीत भेसळ जाते. म्हणून नियम होता की प्लॉटच्या चारी बाजूंना दोनशे मीटरपर्यंत दुसरी जवारी नको. नियम चांगला होता. त्यात अंतर होतं, वाऱ्याचा विचार होता, पेरणीच्या वेळा होत्या. त्या दोनशे मीटरांत कुणी माणूस पेरत-खात असेल, याचा मात्र त्यात कुठं उल्लेख नव्हता. मारोतीला तेव्हा ती उणीव जाणवलीही नाही.

राजेश्वरचे नरहरराव गावचे जुने कुलकर्णी. निजामाच्या राज्यात त्यांनी उर्दूत दप्तर लिहिलं, म्हैसूर राज्यात आल्यावर चाळिशीत कन्नड गिरवलं, आणि घरात मराठीच बोलत राहिले. नव्या गोष्टींची त्यांना हौस. गावातला पहिला विजेचा पंप त्यांचा, युरियाचं पहिलं पोतं त्यांचं. सगळा गाव त्यांना अण्णा म्हणायचा. सत्याहत्तरच्या श्रावणात त्यांनी दहा एकरांवर सीड प्लॉट मागितला, म्हणून जागा बघायला मारोती राजेश्वरला गेला.

जागा पाहून झाली, मोजणी झाली, आणि कागद पुरे करायला जीप नरहररावांच्या दारात थांबली. मारोती पायरीखालीच थांबला. अशा दारात पाय आपोआप थांबतात, पदवीचा त्याला काही इलाज नाही. नरहरराव स्वतः खाली आले, हाताला धरून त्याला ओसरीवर नेलं, खुर्ची पुढं केली. त्यांच्या पत्नी सुमतीबाईंनी चहा आणला तो घरातल्या कपबशीत. वळचणीला वेगळा ठेवलेला कप नव्हे, नरहररावांच्या हातात होता त्याच जोडीतला. मारोतीनं आपल्या कपावरची नक्षी पाहिली, मग त्यांच्या कपावरची पाहिली. त्याला त्या सकाळी किती बरं वाटलं हे समजावून सांगता येणार नाही. ज्यांना तो कप जन्मापासून मिळत आला त्यांना ते कळायचं नाही, आणि ज्यांना मिळाला नाही त्यांना सांगायची गरज नाही.

"पूर्वेच्या बाजूचं रान कुणाचं, अण्णा?" त्यानं विचारलं.

"सावित्रीचं. बुद्धवाड्यातली, तीन एकर इनामी जमीन आहे तिची. तिला सांगितलंय यंदा जवारी नको म्हणून. हरभरा पेरेल ती."

ती व्हय म्हणाली का, हा प्रश्न मारोतीच्या जिभेवर आला होता. पण हातात कप होता. ज्यानं आज आपल्याला वर बसवलं त्याच्याच शब्दावर संशय घ्यायचा कसा? खरं तर सावित्रीबाई कोहिनूरची लेक, त्याच्या आईची बालमैत्रीण, तो तिला मावशी म्हणायचा. तिचं घर दोन गल्ल्या पलीकडं होतं. पण आत्ता इथून उठून जीप बुद्धवाड्याकडं वळवली तर मिळालेला मान वाटेतच सांडेल, असं त्याला कुठंतरी आत वाटलं. असं वाटलं याची लाज त्याला पुढं जन्मभर पुरली. त्यानं सही केली आणि चहा संपवला.

नरहरराव खोटं बोलले नव्हते. त्यांनी गड्याकरवी सांगावा धाडला होता आणि बाई ऐकून गप्प राहिली होती. त्या घरचा सांगावा ऐकून बुद्धवाड्यातलं माणूस गप्प राहिलं की तो होकार समजायचा, ही तीन पिढ्यांची रीत. सावित्रीबाई या वेळी नुसतीच गप्प राहिली होती. तिनं जवारी पेरली.

मार्गशीर्षात मारोती तपासणीला आला तेव्हा नरहररावांच्या प्लॉटमध्ये बायका ओळींतली भेसळ उपटत होत्या. प्लॉट देखणा होता. तो शेवटच्या ओळीपर्यंत गेला आणि बांधावर चढला. बांधापलीकडं तीन एकर जवारी पोटरीत, म्हणजे कणीस पोटात धरून, उभी होती. आठ-दहा दिवसांत ती निसवणार, कणसं बाहेर टाकणार, आणि प्लॉटमधल्या मादीच्या कणसांबरोबरच फुलणार. मधे अंतर एका बांधाचं.

सावित्रीबाई धुऱ्यावर शेळीसाठी गवत कापत होती. साठीची, काटक, डोईवर पदर घट्ट बांधलेला. तिनं त्याला ओळखलं आणि विळा खाली ठेवला.

"मावशी, ही जवारी कामून पेरलीस?"

"जवारी कामून पेरतेत? खायला."

"अण्णांनी हरभरा पेर म्हणून सांगितलं व्हतं न्हवं?"

"सांगितलं व्हतं. इचारलं न्हवतं."

मारोती तिच्याशेजारी बसला आणि त्यानं तिला सगळं समजावून सांगितलं. नर ओळी, मादी ओळी, वारा, पराग, दोनशे मीटर. तो चांगला समजावायचा. तिनं मधे न बोलता ऐकून घेतलं.

"म्हंजे माझी जवारी भेसळ," ती म्हणाली.

"तसं न्हाई मावशी. त्या बियाच्या हिशेबानं म्हणायलाव मी."

"आन् तिनं दोनशे मीटर लांब ऱ्हायचं."

"व्हय."

"जवारी काय चालत जाती का रं? तिला लांब ठिवायचं म्हंजे मलाच ठिवायचं की. हिरीपासनं लांब ऱ्हा, खळ्यापासनं लांब ऱ्हा, हे ऐकतच म्हातारी झाले मी. पर ते सांगणारे येगळे व्हते. आता तू आलास सांगायला."

"मावशी, हे शास्त्र हाय. ह्यात जात न्हाई."

ते खरंच होतं. परागाला जात नसते, हे कुणी नाकारू शकत नाही. पण लांब राहायची पाळी सावित्रीबाईवरच आली होती हेही तितकंच खरं. नरहररावांना जमीन भरपूर होती. त्यांनी प्लॉट आपल्याच रानात दोनशे मीटर आत सरकवला असता तर कुणाला काही सांगावं लागलं नसतं. हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि ज्याचं ते कामच होतं त्या मारोतीच्याही आलं नाही. बांधावर बसल्या बसल्या त्याला ते पहिल्यांदा दिसलं, आणि एकदा दिसल्यावर मग डोळ्यांपुढून हलेना.

"पेरायच्या टायमाला इचारलं असतंस तर हरभरा पेरला असता," सावित्रीबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं त्याला जास्त लागलं. "मला काय, हरभराबी विकतो. आता ही पोटात कणीस घिऊन उभी हाय. आता कशी कापू?"

मारोती गुलबर्ग्याला गेला. तिथले त्याचे वरिष्ठ अमृतप्पा हे भले गृहस्थ, पण विभागाचं बियाण्याचं उद्दिष्ट त्यांच्या मानगुटीवर बसलेलं. मारोतीचं ऐकून त्यांनी कन्नडमध्ये जे सांगितलं त्याचा सारांश असा की म्हातारीला चार शब्द गोड बोला आणि ती जवारी कडवळ म्हणून, हिरव्या चाऱ्यासाठी, कापायला लावा.

"सर, तिला सांगायचा अधिकार आपल्याला नाही. नियम प्लॉटवाल्याला आहे, तिला नाही."

"म्हणून तर गोड बोला म्हणतो. तुमचीच माणसं आहेत ती, तुमचं ऐकतील. दुसरा कुणी गेला असता तर गोष्ट वेगळी." मग ते खुर्चीत पुढं सरकले. "मारोती, हे बियाणं हजार शेतकऱ्यांच्या घरी जाणार आहे. त्यातले निम्मे त्या बाईसारखेच असतील. तिच्या तीन एकरांसाठी त्यांच्या तोंडचा घास काढायचा का? तुम्हीच सांगा."

ही तर मारोतीचीच भाषा होती, बापाच्या मातीवरून येताना तो स्वतःशी हेच बोलला होता. अमृतप्पांनी आणखी एक वाट दाखवली. बांधापलीकडं बघितलंच नाही असं समजा. पण त्या वाटेनं भेसळीचं बियाणं औरादच्या किंवा भालकीच्या एखाद्या गरिबाच्या रानात जाणार, आणि त्याला ते कळणार पीक वर आल्यावर. त्या माणसालाही कुणी विचारलेलं नसणार. मारोतीनं तेवढं मात्र तिथल्या तिथं नाकारलं. बसमध्ये परत येताना तो विचार करकरून थकला. हजारांच्या भल्यासाठी एकीनं सोसावं, हे म्हणणं खोटं नव्हतं. फक्त ती एक कोण, हे ठरवायच्या वेळी बोट दर वेळी त्याच वस्तीकडं कसं जातं, एवढंच त्याला खुपत होतं.

इकडं नरहररावांनी आपल्या परीनं तोड काढली. सावित्रीला तिच्या पिकाच्या दुप्पट जवारी आपल्या कोठारातून देतो म्हणाले. मनापासून म्हणाले. मारोतीनं हा निरोप तिला सांगितला.

"हायब्रेटची भाकर थंडी झाली की चामडं होती," ती म्हणाली. "आन् देणारे अण्णा, घेणारी मी, हे कवापासनं चालू हाय. मला दिलेलं नको बाबा. माझं हाय ते ऱ्हाऊ दे."

जवारी निसवायला चार दिवस उरले असतील. त्या सकाळी सावित्रीबाई पहिल्या मोटारीनं बसवकल्याणला आली आणि मारोतीचं घर हुडकत दारात उभी राहिली. इंदिराबाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. बाईनं पाणी प्यायच्या आधीच विषयाला हात घातला.

"मारोती, तुजी नौकरी जायलीय म्हणं."

"कुणी सांगितलं?"

"समदा गाव म्हणायलाय. गुलबर्ग्याचा सायेब खवळलाय, तुला औरादला धाडणार, न्हाईतर घरी बसवणार." तिनं गुडघ्यावर हात आपटला. "कापते मी. उद्याच कापते. बाबूलालभाऊनं किती हाल काढून शिकवलं तुला. तीन एकर जवारीपायी तुजं वाटुळं करू व्हय?"

मारोतीच्या मनावरचं ओझं एका क्षणात उतरलं. बाई आपण होऊन कापते म्हणतेय, अण्णा भरपाई देतायत, गुलबर्गा खूश, बियाणं शुद्ध. त्याला हसू फुटायला लागलं होतं. तेवढ्यात इंदिराबाईंनी, भाकरी थापता थापता, मान वर न करता विचारलं, "मावशी, तुमी खुशीनं कापायलाव का?"

"खुशीचं काय त्यात? पोराची नौकरी हाय."

मारोतीचं हसू तिथंच राहिलं. श्रावणात ही बाई अण्णांच्या धाकानं गप्प होती आणि आपण सगळ्यांनी ते होकारात धरलं. आज ती आपल्या मायेनं व्हय म्हणतेय आणि आपण तेही धरायला निघालो. आपली बदली हा तिच्यासाठी अण्णांच्या गड्यासारखाच एक सांगावा होता. नुसता गोड शब्दांत गेलेला.

"न्हाई मावशी," तो म्हणाला. "तू कापायचं न्हाई."

"आरं पर तुजी नौकरी?"

"माझी मी बघतो."

"बघतो म्हंजे काय करतूस?"

त्यालाही ते नक्की माहीत नव्हतं. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. घरात कमावणारा तो एकटा. इंदिराबाईंनी त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि सावित्रीबाईच्या ताटात भाकर वाढली. जेवून ती दुपारच्या मोटारीनं परत गेली.

दुसऱ्या दिवशी मारोती राजेश्वरला गेला. नरहरराव प्लॉटवरच होते. त्यानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की प्लॉट नापास करतोय.

नरहरराव म्हणाले, "सावित्री कापते म्हणाली असं कानावर आलंय माझ्या."

"म्हणाली. माझ्यासाठी म्हणाली. ते धरता येत न्हाई अण्णा."

"ती द्यायला तयार, मी भरून द्यायला तयार. मग मधे अडवणारे तुम्ही कोण? तिचं भलं तिला कळत नाही, तुम्हाला कळतं, असं का?"

हा घाव नेमका बसला, कारण त्यात तथ्य होतं. मारोतीनं या प्रश्नाचा पुढं कित्येक वर्षं विचार केला आणि त्याला पुरतं उत्तर कधीच सापडलं नाही. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "पेरणीच्या आधी विचारलं असतं तर तिला दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. आज एकच हाय. चूक माझी हाय अण्णा. मी तिच्या दारात जायला पाहिजे होतं. तुमच्या शब्दावर सही केली."

"माझा शब्द खोटा होता?"

"न्हाई. पण तो तुमचा होता, तिचा न्हवता."

नरहररावांनी धोतराचा सोगा सावरला आणि ते घराकडं चालू लागले. प्लॉटमधल्या बायकांचं काम त्याच दिवशी थांबलं. त्यातल्या बऱ्याच बुद्धवाड्यातल्याच होत्या, आणि जाता जाता त्यांनी मारोतीला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. न्याय करायला गेलेल्या माणसाचं सगळे मिळून कौतुक करतात, हे भाषणातच होतं. नरहररावांची जवारी बाजारात साध्या धान्याच्या भावानं गेली. अमृतप्पांनी खुलासा मागवला, मारोतीनं चूक आपलीच आहे म्हणून कळवलं. औरादला बदली झाली, पण ती दोन वर्षांनी, आणि तोवर सगळ्यांचाच राग शिळा झाला होता.

पुढच्या उन्हाळ्यात नरहररावांनी परत प्लॉट मागितला. माणूस मानी होता, पण नव्या गोष्टीचा नाद मानापेक्षा मोठा. पंपाचं पाणी त्यांच्या रानाच्या पूर्वेकडच्या तुकड्यालाच होतं, आत पाट काढायचा खर्च नको, म्हणून जागा तीच. या वेळी ते म्हणाले, "सावित्रीला तुम्हीच विचारा. मी माणूस पाठवला की तो परत सांगूनच येईल."

मारोती श्रावणात तिच्या दारात गेला. जीप बुद्धवाड्याच्या तोंडापर्यंत नेली, पुढं पायी. तिनं घोंगडी टाकली, तो बसला.

"मावशी, अण्णा यंदा बी प्लॉट करायलेत. तू जवारी सोडून दुसरं काही पेरशील का, हे इचारायला आलाव."

"न्हाई म्हणलं तर?"

"तर तिथं प्लॉट होणार न्हाई."

"आन् तुज्यावर काय येतंय?"

"माझ्यावर काही येत न्हाई. गेल्या साली जे यायचं ते आलं." हे अगदी खरं नव्हतं, पण एवढं खोटं त्यानं जाणूनबुजून बोलून घेतलं.

"म्हंजे समदं माज्यावर हाय?"

"व्हय. तुझ्यावर."

सावित्रीबाईनं पदरानं तोंड पुसलं. "बगते," म्हणाली. "पोळा झाल्यावर ये."

पोळा झाल्यावर तो गेला. ती म्हणाली, सुनेला विचारते, बाजारानंतर ये. बाजारानंतर गेला तर ती पाहुण्यांकडं गेलेली. बुद्धवाड्यात चर्चा सुरू झाली की सरकारी साहेब म्हातारीच्या दारात हेलपाटे घालतोय. लोक तिला विचारायला लागले, काय ठरवलंस? ती म्हणायची, ठरवायलेय. मला वाटतं त्या दिवसांत ती नुसता पिकाचा विचार करत नव्हती. साठ वर्षांत तिच्या उत्तरासाठी कुणी थांबून राहिल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि ते थांबणं तिला जरा बघून घ्यायचं होतं. बघू दे की. मारोती मात्र कातावला. पेरणी तोंडावर आली होती, नरहररावांचे निरोपावर निरोप येत होते, आणि इंदिराबाई घरी हसत होत्या.

शेवटी एका सकाळी ती घरात सापडली. तो घोंगडीवर बसायच्या आतच तिनं सांगितलं.

"न्हाई."

मारोती तसाच अर्धा वाकलेला राहिला. खरं सांगायचं तर त्यानं होकार धरून ठेवला होता. गेल्या साली ही बाई स्वतःच्या तोंडानं म्हणाली होती की विचारलं असतंस तर हरभरा पेरला असता. त्यानं विचारलं, एकदा सोडून चारदा विचारलं, तिच्यासाठी नोकरी पणाला लावली, आणि ती न्हाई म्हणते. त्याला राग आला. समजावून सांगायला लागावं, गेल्या सालची आठवण द्यावी, माझ्यासाठी तरी एवढं कर म्हणावं, असे सगळे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. तिनं ते बघितलं. दाराच्या चौकटीला धरून ती उभी होती. पुढं काय होतं, आपला नकार खरंच धरला जातो का, याची ती वाट बघत होती.

"बरं," मारोती म्हणाला, आणि चपला घालायला लागला.

"खरंच जायलास?"

"व्हय मावशी. तुझं उत्तर घ्यायलाच आलतो."

तिथून तो नरहररावांकडं गेला. ते ओसरीवर वाटच बघत होते.

"काय म्हणाली?"

"न्हाई म्हणाली."

"का?"

"ते विचारलं न्हाई."

"मग तुम्ही काय म्हणालात तिला?"

"बरं म्हणालो."

नरहररावांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत घातला. "आमच्या आजोबांपासून त्या रानाचा आणि आमचा बांध एक," ते सावकाश म्हणाले. "कधी विचारलं नव्हतं. विचारायला लागलं की हे असं ऐकावं लागतं होय?"

त्या साली राजेश्वरात सीड प्लॉट झाला नाही.